वावडं आणि वावड्या

(स्मृतिव्याख्यानमालेतील समारोपाच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, त्यांच्या दवाखान्यात मी एमबीबीएस झाल्यावर दीड वर्ष उमेदवारी केली. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगतो. ऊसतोडीचा हंगाम होता. एक बाई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. पोरगं सारखं खाजवत होतं. "अंगातली उष्णता बाहेर पडलीया," ती म्हणाली. मी नवा डॉक्टर, उष्णता वगैरे मानणारा नव्हतो. मी ऐटीत कागदावर 'अ‍ॅलर्जी' लिहिलं आणि अंडं बंद करा, वांगं बंद करा, असं सांगायला लागलो.

डॉक्टरबाई मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, पेन खाली ठेव. सदरा काढलास का त्याचा?"

नव्हता काढला. मग काढला. बेंबीभोवती, काखेत, मनगटावर, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं. पण बाईंचं मुलाकडे लक्षच नव्हतं. त्या आईला म्हणाल्या, "तुझे हात दाखव बघू." ती संकोचली, पदराखाली हात लपवले, शेवटी पुढे केले. तिच्याही बोटांच्या बेचक्यांत तेच. "घरात आणखी कुणाला खाज आहे? रात्री जास्त येते?" त्यावर ती जे बोलली ते मी विसरलेलो नाही. "समद्या कोपीलाच येती, बाई."

ती खरूज होती. माझ्या 'अ‍ॅलर्जी'नं त्या पोराचं अंडं तेवढं तोडलं असतं. खरूज जागच्या जागी राहिली असती आणि कोपीतली, म्हणजे त्यांच्या झोपडीतली, सातही माणसं रात्रभर खाजवत बसली असती. त्या दिवशी मला कळलं की आईची 'उष्णता' आणि माझी 'अ‍ॅलर्जी' यांत फरक फक्त पदवीचा होता. दोन्ही शब्द न बघता उच्चारलेले होते.

आज मी मुलांच्या त्वचेच्या आणि अ‍ॅलर्जीच्या तक्रारींविषयी बोलणार आहे, ते याच अनुभवाच्या आधारानं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मुलांमध्ये खरं वावडं असतं, ते कधी कधी जिवावर बेतणारं असतं, पण त्याच्या कितीतरी पट वावड्याच उठलेल्या असतात. दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत.

शब्द जुना, आजार जुना

'वावडं' हा आपला खास शब्द. एखाद्याला वांग्याचं वावडं असतं, एखाद्याला आंबट 'बाधतं', दूध 'मानवत' नाही. आपल्या माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं की जे नव्याण्णव जणांना चालतं ते शंभराव्याला चालेलच असं नाही. बिब्ब्याचंच घ्या. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका द्यायची पद्धत गावोगाव होती. बहुतेकांना काही होत नसे. एखाद्याला मात्र दोन दिवसांनी तिथं फोड येत, सूज येई, पाणी सुटे. लोक म्हणत, 'बिब्बा उतला.' त्वचारोगशास्त्रात याला संपर्कजन्य अ‍ॅलर्जी म्हणतात. त्याचं इतकं नेमकं नाव आपल्या आज्यांकडे आधीपासून होतं. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. म्हणूनच आंब्याचा देठ दातानं तोडून चीक ओठाला लागला की काही मुलांच्या तोंडाभोवती पुरळ येतं. त्या मुलाचा आंबा बंद करायची गरज नसते. देठ कापून, आंबा धुऊन, साल काढून फोडी दिल्या की बहुतेकांचं भागतं.

आता हा 'अ‍ॅलर्जी' शब्द कुठून आला? व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये तो घडवला. घटसर्पासारख्या आजारांत तेव्हा मुलांना घोड्याच्या रक्तातला रस टोचत. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांना दिसलं की काही मुलांना त्यानं ताप येतो, अंगावर गांधी उठतात, आणि तोच रस दुसऱ्यांदा टोचला तर हे सगळं लवकर आणि जोरात होतं. शरीर पहिली भेट लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या भेटीत वेगळं वागतं. ग्रीक भाषेतून 'वेगळी कृती' अशा अर्थाचा शब्द त्यांनी तयार केला. म्हणजे हा शब्द मुळातच एका बालरोगतज्ज्ञानं, मुलांकडे नीट बघून तयार केलेला आहे. आपण तो न बघता वापरतो, हा त्यातला विनोद.

बाईंनी मला चार प्रश्न शिकवले. पुरळ कुठे आहे? किती वेळ टिकतं? घरात आणखी कुणाला आहे? आणि सर्वांत शेवटी: काय खाल्लं होतं? आपण नेमके उलट्या क्रमानं जातो. आधी ताटाकडे बोट दाखवतो.

कुठे आहे?

तान्ह्या बाळाचे गाल लाल, कोरडे, खरखरीत होतात. बाळ गाल उशीला घासतं. दोन-तीन वर्षांचं झालं की तोच त्रास कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागं येतो. खाज इतकी की रात्री मूल जागं आणि आईबापही जागे. घरात कुणाला दमा, कुणाला सकाळच्या शिंका. हा एक्झिमा.

याचं मूळ अनेकदा त्वचेच्या घडणीत असतं. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अनेक रुग्णांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असतो. आपली त्वचा सारवलेल्या जमिनीसारखी आहे असं समजा. सारवण नीट असेल तर धूळ उडत नाही, ओल टिकते. सारवण तडकलं की आतली ओल उडते आणि बाहेरचं सगळं फटींतून आत शिरतं. अशा मुलाची त्वचा जन्मतःच तडकलेली असते.

मग उपाय काय? पुन्हा सारवणं, रोज. अंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत. डाळीचं पीठ, उटणं, घासणी, दगड, सगळं बाजूला. तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून पीठ चोळतात. लव आपोआप जाते, सारवण मात्र चोळल्यानं जातं. अंग टिपून घ्यायचं, पुसून काढायचं नाही, आणि त्वचा ओलसर असतानाच घट्ट मलम लावायचं. साधी पेट्रोलियम जेली चालते. महागडं काही लागत नाही, पण भरपूर लागतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत एक्झिमाच्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मलम द्यावं असं म्हटलं आहे. म्हणजे पाव ते अर्धा किलो! आपल्याकडे 50 ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतात आणि मग म्हणतात, गुण नाही आला.

लाली वाढली की डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. इथं दोन टोकाची माणसं भेटतात. एक, स्टेरॉइड नाव ऐकताच ट्यूब कपाटात ठेवणारी. दुसरी, सहा महिने रोज फासणारी. मधला रस्ता बोटाच्या पेरानं मोजायचा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक ओळ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावा, मग थांबा. साधं मलम मात्र चालू ठेवा.

'कुठे' या प्रश्नाचं दुसरं उदाहरण गालावरच्या फिक्या डागांचं. शाळेतल्या मुलांच्या गालावर उन्हाळ्यात पांढुरके चट्टे दिसतात. निम्मे लोक म्हणतात जंत झालेत, निम्मे मनातल्या मनात घाबरतात की कोड तर नाही. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. ते कोरड्या त्वचेचे डाग असतात, त्यांची कड अस्पष्ट असते, जवळून पाहिलं तर बारीक कोंडा दिसतो. ऊन लागून बाकीचा चेहरा सावळतो आणि डाग उठून दिसतात, म्हणून ते उन्हाळ्यात 'वाढतात'. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्याची कड नकाशावरच्या सरहद्दीसारखी स्पष्ट असते. आणि कोड असलं तरी तो संसर्ग नाही, पाप नाही, आणि त्याच्यावर उपचार आहेत. या दोन डागांतला फरक प्रत्येक शिक्षकाला माहीत असला तर किती मुली वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणार नाहीत!

किती वेळ टिकतं?

अंगावर गांधी उठतात, आपण म्हणतो पित्त उठलं. लाल, उंच, खाजणारे चट्टे. आमसुलाचं पाणी अंगाला लावायची आपली रीत. ते लावलं की तासाभरात चट्टे जातात आणि आमसुलाला यश मिळतं. मी आमसुलाच्या विरोधात अजिबात नाही, सोलकढी मलाही आवडते. पण न लावताही ते गेले असते. घरी एक प्रयोग करून बघा. एका गांधीभोवती बॉलपेननं गोल काढा. दुसऱ्या दिवशी बघा. गोल तिथंच असेल, आतली गांध गेलेली असेल, आणि दुसरीकडे दोन नव्या उठल्या असतील. एका जागची गांध सहसा चोवीस तासांत जाते. तो गोल रिकामा झाला तर समजा, हे पित्त. तिथंच राहिली, दुखू लागली, मागं डाग ठेवून गेली, तर डॉक्टरांना दाखवा.

असं का होतं? आपल्या त्वचेत मास्ट पेशी असतात, हिस्टामिनच्या भरलेल्या पिशव्या घेऊन बसलेल्या. त्या फुटल्या की रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, खाज सुटते. मुलांमध्ये त्या फुटायचं सर्वांत नेहमीचं कारण कुठलं अन्न नसतं, साधा विषाणूचा ताप असतो. सर्दी-तापाबरोबर पित्त उठलं आणि नेमकं त्या दिवशी मुलानं श्रीखंड खाल्लेलं असलं, की बिचारं श्रीखंड आयुष्यभराचं आरोपी होतं. प्रतिजैविकांचंही तसंच. तापात औषध दिलं, पुरळ आलं, केसपेपरवर लाल शाईनं 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' लिहिलं गेलं. अशा मुलांची पुढे नीट तपासणी केली तर बहुतेकांना ते औषध चालतं असं दिसतं. ती शाई पुसायची असेल तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा, घरी प्रयोग करू नका.

मात्र खाण्याच्या खऱ्या वावड्याची खूण घड्याळात असते. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत ते गांधी उठवतं. आणि पुन्हा तोच पदार्थ दिला की पुन्हा. इथं मात्र सावध व्हा. गांधींबरोबर आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, ओठ-जीभ सुजली, वारंवार उलट्या झाल्या, मूल मलूल, फिकट, थंड पडलं, तर हे पित्त नाही. याला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात आणि इथं मिनिटं मोजावी लागतात. मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा, उभं करून चालवू नका. श्वास लागत असेल तर बसू द्या. 108ला फोन करा किंवा गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात न्या. तिथं त्याला मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं पाहिजे. घरातली खाजेची गोळी देऊन वाट बघत बसू नका. ती गांध घालवते, श्वास वाचवत नाही. खऱ्या वावड्याला भ्यायला हवं ते इथं.

घरात आणखी कुणाला?

खरुजेचा किडा मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान असतो. 1687 साली जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या इटालियन डॉक्टरानं औषधविक्रेता चेस्तोनीच्या सोबतीनं तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि लिहिलं की खाजेचं कारण हा जीव आहे, बिघडलेलं रक्त नव्हे. त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. आपल्याकडे अजूनही 'रक्त खराब झालंय' असंच म्हणतात आणि रक्तशुद्धीची बाटली पाजतात.

खरूज फसवी का, तर पहिल्यांदा झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून खाज नसलेल्या आजीलाही औषध लावायचं. औषध साधं आहे: 5 टक्क्यांचं परमेथ्रिन मलम, रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत. तान्ह्या मुलांत डोक्यालाही, डॉक्टर सांगतील तसं. सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकानं लावलं आणि बाकीचे हसले, तर किडा त्यांच्याकडे पाहुणा जातो आणि परत येतो. कपडे, अंथरुणं गरम पाण्यानं धुवा. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत काही दिवस बांधून ठेवा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते. ती मेलेल्या किड्यांची असते, औषध वाया गेलं असं समजू नका. आज्या खोबरेल तेलात गंधक खलून लावायच्या, तेही उगाच नव्हतं. गंधकाचं मलम अजूनही अगदी लहान बाळांना आणि गरोदर बायकांना दिलं जातं.

'घरात कुणाला' या प्रश्नाचं दुसरं उत्तर म्हणजे गजकर्ण. वडिलांच्या जांघेत, मुलाच्या पोटावर, आणि पंचा दोघांचा एकच. दुकानातून एक ट्यूब येते, तिच्यात बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. दोन दिवसांत खाज थांबते, सगळे खूश. पण स्टेरॉइडनं बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं. गोल कड पुसट होते, चट्टा पसरतो, आणि आठ दिवसांनी दाखवलं तर डॉक्टरालाही तो ओळखता येत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. कायदा आहे, पण काउंटरवर 'ती गजकर्णाची द्या' असं म्हणणारे आपणच असतो.

आणि शेवटी, काय खाल्लं?

मी हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण याच्यामुळं सर्वांत जास्त नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. पाच वर्षांची एक मुलगी आली होती. एक्झिमा होता. आईनं पर्समधून एक कागद काढला, घडीवर घडी पडून मऊ झालेला. त्यावर चौदा पदार्थ लिहिले होते: दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, तूर, वांगं, टोमॅटो, केळं, असं करत करत. कुठल्यातरी रक्तचाचणीत ते 'पॉझिटिव्ह' आले होते. वर्षभर मुलगी भात, मुगाचं वरण आणि सफरचंदावर होती. वजन वाढलं नव्हतं. एक्झिमा होता तसाच होता.

रक्तात किंवा त्वचेवरच्या चाचणीत एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड सापडणं म्हणजे वावडं असणं नव्हे. शरीराला तो पदार्थ ओळखीचा आहे, एवढंच त्यातून कळतं. तो खाल्ल्यावर त्रास होतो का, हे आईच्या डोळ्यांना आणि घड्याळाला विचारायचं. चाचणी त्यानंतर, एका विशिष्ट संशयाच्या पदार्थासाठी. शंभर पदार्थांची यादी पाठवणाऱ्या पॅकेजसाठी नव्हे.

टाळल्यानं वावडं वाढू शकतं, हेही आता सिद्ध झालंय. लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या गटानं 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याचं वावडं असलेली 640 बाळं, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांचा बंद ठेवला. ज्यांची सुरुवातीची त्वचाचाचणी स्वच्छ होती त्यांच्यात पाचव्या वर्षी बघितलं, तर टाळणाऱ्यांत 13.7 टक्के मुलांना शेंगदाण्याचं वावडं, खाणाऱ्यांत फक्त 1.9 टक्के. आपल्या स्वयंपाकघरात तर साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत दाण्याचा कूट सगळीकडे. सहा महिन्यांनंतर, बाकीचं खाणं सुरू झालं की, अगदी बारीक, मऊ कूट पेजेत कालवून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र एक्झिमा असेल तर पहिला घास डॉक्टरांच्या सल्ल्यानं. गायीच्या दुधाचं खरं वावडं असलेली बहुसंख्य बाळंसुद्धा शाळेत जायच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात. म्हणून यादी कायमची नसते, दर वर्षी तपासून बघायची असते.

त्या मुलीच्या कागदावरच्या चौदांपैकी तेरा पदार्थ आम्ही एकेक करून, दवाखान्यातच थोडंथोडं देऊन, परत सुरू केले. चौदावा होता अंडं. त्याचं खरंच वावडं निघालं. दहा मिनिटांत ओठाभोवती गांधी उठल्या. तेव्हा कळलं, चौदा पदार्थांना घाबरण्याच्या नादात त्या घरात एकाच पदार्थाची खरी काळजी घ्यायची राहून गेली होती. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं असतं, हे कुणी शाळेला सांगितलंच नव्हतं.

बाईंच्या दवाखान्यात प्रत्येक जण निघताना विचारायचा, "बाई, पथ्य काय?" आपल्याकडे पथ्य सांगितल्याशिवाय डॉक्टर खरा वाटत नाही. बाई कागद उलटा करून मागं लिहायच्या, 'घासणी बंद. दुकानाची ट्यूब बंद. खाणं चालू.' काही लोक नाराज होऊन जायचे.

आता प्रश्नोत्तरं. मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर मुलांचे फोटो तयार ठेवले असतील. पित्ताचा फोटो जरूर दाखवा, कारण गांधी दवाखान्यापर्यंत टिकत नाहीत. बाकी पुरळाचे फोटो मात्र नकोत. मूल घेऊन या, उजेडात या, आणि येताना त्याचा सदरा काढायची तयारी ठेवा. तुमचे हातही मी बघणार आहे.